भरलेली टाकी

बाबा गेल्यानंतर म्हैसूरच्या बस स्टँडवर मी पहिल्यांदाच एकटी बसले होते. मागच्या बाकावर पिरियापट्टणला निघालेले एक वडील होते आणि त्यांना सोडायला आलेली मुलगी.

“गोबर गॅसची टाकी भरली की काय करता, अण्णा?”

“कॉक उघडतो. जातो हवेत.”

“अय्यो, हवेत नको! मिथेन आहे तो, हवामान तापवतो; जाळलेला बरा. नाहीतर शेण उघड्या खड्ड्यात टाकल्यासारखंच झालं.”

“मग बंदच करतो सगळं. तुझी आई होती तेव्हा शेगडी दिवसभर चालायची.”

“आता दोन वेळचा स्वैपाक तरी करता ना?”

“शेजारून डबा येतो.”

“म्हणजे शेगडी पेटतच नाही?”

“तिच्या ओट्यापाशी जाववत नाही गं.”

“बरं. स्वैपाक नको, नुसती कॉफी ठेवा.”

“एका कपानं टाकी रिकामी होते होय?”

“डेअरीला दूध घालायला जाणारे दारावरूनच जातात ना? त्यांना हाक मारा. आईचं मोठं पातेलं काढा.”

“साकु, पुरे. लोक हसतील मला.”

“कॉफी पिऊन हसतील.”

बस लागली. पायरीवर पाय ठेवून अण्णा मागे वळले.

“एवढ्या कॉफीला साखर किती गं घालायची?”