दोराचं दुसरं टोक

ऐका. शेकोटीजवळ सरका, पण मधी बोलू नका. हा गुंडाबा माझ्या शेजारी तंबाखू मळत बसलाय ना, ही त्याच्याच जिवाची गोष्ट हाय.

फौजेत आमची दोघांची नेमणूक पार वर, हिमालयात. तिथं बर्फातच इमानाची धावपट्टी. आखूड, आन् टोकाला सरळ दरी. इमान चार माणसांचं. रातभर पंखांवर बर्फ साचायचं, ते झाडायचं काम माझं.

एका रातीला गुंडाबाची छाती भरली. दम घेता येईना, ओठ निळं पडलं. डागदर म्हणाला, उजाडताच इमानानं खाली गेला तर वाचंल. मंग काय, अंधारातच कंदील आन् खराटा घेतला, सवयीनं दोर खांद्यावर टाकला, आन् निघालो. सगळे म्हणाले, "शिरपती, एकटा जाऊ नगंस. तिथं नुर्बू हाय." पण संगं यायला कुणी निघंना.

नुर्बू म्हंजी माझ्या आधीचा झाडणारा. तिथलाच माणूस. एकदा थंडीनं बोटं आखडली म्हणून वरवर झाडून "झालं" म्हणाला. इमान उठलंच न्हाई, दरीत गेलं. आत त्याची बायको हुती, बाळंतपणाला निघालेली. हा तिथंच बसला, खराटा मांडीवर घेऊन. गोठून गेला बिचारा.

तर ऐका. वाटेत म्हागनं आवाज. खस्स, खस्स. म्या थांबलो की थांबतोय. मंग कंदील इझला, वारं नसताना. तसाच पुढं गेलो, पंख झाडला, आन् तोंडातनं गेलं, "झालं. चालतंय."

वळून बघतो तर पंख पुन्हा पांढरा. आभाळ मोकळं, चांदण्या लखलखीत, मंग बर्फ आलं कुठनं? पुन्हा झाडला. पुन्हा पांढरा. तिसऱ्यांदा खराटाच हातातनं गेला. कुणीतरी मनगट धरलं, हातमोजा ओढून काढला आन् उघडा तळवा पंखावर दाबला.

तवा कळलं. बर्फाखाली पत्र्याला पापुद्रा चिकटलेला, काचंसारखा. खराट्यानं तो जात न्हाई, आन् तो असला की इमान उठत न्हाई. ते दोराचं काम. पंखावरनं दोर टाकायचा आन् दोघांनी दोन्हीकडनं ओढायचा, ताक घुसळताना रवीची दोरी ओढत्यात तसा. म्या एकटा. गुंडाबा मरतोय. रडत रडत दोर टाकला.

पलीकडचं टोक ताणलं गेलं.

उजाडेस्तोवर दोन्ही पंख घासलं आम्ही. पलीकडनं हुंदका तेवढा यायचा. मलाबी लई वाईट वाटलं, भीती कुठल्या कुठं गेली.

पायलटानं पंखावर हात फिरवला. "दुसरं टोक कुणी धरलं?" म्या दोर गुंडाळाय लागलो. गुंडाबाला आत निजवला. चाकं उचलली ती पट्टी संपता संपता, दरीच्या पार काठावर.

तुमच्यातलं कोण फौजेत गेलं तर सांगून ठेवतो. अंधारात त्या वाटेनं एकटं जाऊ नका. तो काय करत न्हाई. पण माणूस एकटं दिसलं की त्याला बसल्या जागचं पुन्हा उठावं लागतंय.