शुगर मला नाही

...आणि शुगर मला नाही, हे आधी ऐकून घ्या! दोन हजार तेवीस साल, ऑक्टोबरचा उकाडा, घरी आमच्या मालनने ओलं खोबरं पेरून कांदेपोहे केलेले, आणि मी कुठे? समोरच्या दारात, चंद्रप्रकाशपुढे बसून मुगाचं कोरडं घावन चावतोय! दहिसरची चाळ पाडून टॉवर झाला, दारं मात्र समोरासमोरच आली. नशीब! मालन म्हणते, "लोकांकडे जाऊन औषध काय खाता?" काय सांगू तिला?

तुम्हाला सांगतो, चंद्रप्रकाशचा डावा पाय शुगरने नेला. गुडघ्याखाली काही नाही. आता उजव्या अंगठ्याला जखम. डॉक्टर म्हणाला, "शुगर उतरली नाही तर हाही पाय जाईल." आणि हा गडी सकाळी काय घेतो? बिनसाखरेचा चहा! वा! आणि त्यात बुडवून अर्धा पुडा ग्लुकोजची बिस्किटं! मग कारल्याचा रस पितो नि म्हणतो, "कडू गेलं ना पोटात? आता एक जिलेबी चालते." चालते? अरे, चालायला पाय नको?

त्याची सून श्रुतिका रडकुंडीला आली. "काका, घावन केलं की ताट सरकवतात. म्हणतात, एक गेला, दुसरा कोणासाठी जपू?"

समजावणं मला जमत नाही. चौथी शिकलेला माणूस मी. जाऊन बसलो, म्हटलं, "श्रुतिका, मलाही वाढ. मला शुगर निघालीय." शुगर मला नाही! पण चंद्रप्रकाश चमकला.

"तुला? नंद्या, तुला? मग खा की मुकाट्याने!"

"तू खाल्लंस तर खातो."

झालं! तेव्हापासून रोज दोन ताटं... आणि सुईसुद्धा दोघांना! श्रुतिका माझंही बोट टोचते, मशीन आपल्याकडे वळवते आणि खुशाल ठोकून देते, "काका, दोनशे दहा!" मी मान खाली घालायची. हा गडी खूश! "माझी एकशे नव्वद! बघ! काल गुपचूप वडा हाणलास ना? तोंड आवर नंद्या, पाय जाईल तुझा!" माझा! ज्याला शुगर नाही, त्याचा! गिरणीत मुकादमाचं ऐकलं नाही मी, आणि याचं ऐकून घेतो!

का? ब्याऐंशीचा संप. घरात चूल थंड. हा गोदीत, पगार चालू. सकाळी कामावर जाताना डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे धरायचा. मी हात लावत नव्हतो. तर तोंड वाकडं करून म्हणायचा, "पित्त झालंय रे, जात नाही. तू खा, नाहीतर कुत्र्याला घालतो." खाल्ली. पण वर्षभर पित्त? अख्खं वर्ष?

थंडीत शुगर उतरली. डॉक्टरने अंगठा कापला, पाय राखला. हा घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताटं आली. तीच घावनं. चंद्रप्रकाश माझ्याकडे न बघता म्हणाला, "नंद्या, तुला शुगर नाही."

मी म्हटलं, "तुला पित्त होतं?"



"फिटलं," म्हणाला, आणि आपल्यातलं अर्धं घावन तोडून माझ्या ताटात टाकलं.

खाल्लं. काय करता!