वाघ कुठून कापायचा

(तिबेटात, ग्यान्त्सेजवळचं गाव. घराच्या सपाट धाब्यावर, उन्हात पसरलेला जुना गालिचा.)

नोरझोम : धर म्हणते ना ते टोक! घर वाटून झालं, याक वाटून झाले. हा गालिचा कापला की उद्या मी शिगात्सेला माझ्या घरी जायला मोकळी.

थिनले : धरतोय की, ताई. जरा बघू तर दे. पेटीतून काढून असा उन्हात कधी पाहिलाच नव्हता.

नोरझोम : वाघ आहे. त्यात काय बघायचंय?

थिनले : तोंड नाही, शेपूट नाही, नुसते पट्टे. तरी वाघच! आणि रंग बघ. मंजिष्ठेचा लाल आणि रेवंदचिनीचा पिवळा, बस. पन्नास वर्षं झाली, अजून पेटलाय.

नोरझोम : गोड बोलून सगळा लाटू नकोस. डावं अर्धं माझ्या आईनं विणलं, उजवं तुझ्या. एका नवऱ्याच्या दोघी, एका मागावर बसायच्या आणि एकमेकींशी चकार शब्द नाही. मधोमध कापायचा.

थिनले : मधोमध म्हणजे कुठं?

नोरझोम : माझी आई डावखुरी. तिच्या गाठी उलट्या कलतात. हात फिरव, जिथं कल बदलेल तिथं सुरी लाव.

थिनले : हां, इथं बदलतो. पण वर... वर नाही बदलत, ताई. ही अख्खी ओळ उलटी आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. पुढचीही.

नोरझोम : सरक. अगं बाई, खरंच की! तुझ्या आईची बाजूही माझ्या आईनं विणली? कशाला?

थिनले : मी पोटात होतो तेव्हा तिला मागाशी वाकता येत नव्हतं. 'काम काही थांबलं नाही' एवढंच म्हणायची. कुणी केलं, ते कधी बोलली नाही.

नोरझोम : आणि हे त्याच्या वर? इथं एकही उलटी गाठ नाही. थिनले, हे माझ्या आईच्या आजारपणातलं रे! ती अंथरुणाला खिळली होती, आणि तुझी आई दोघींच्या वाटचं...

थिनले : आणि पट्टा कुठं तुटलाय का बघ. इतके हात बदलले, वाघाला पत्ताच नाही!

नोरझोम : आणि आपण जन्मभर म्हणत आलो, दोघींचं पटत नाही.

थिनले : सांग आता, कुठून कापू?

नोरझोम : ठेव ती सुरी. उन्हाळ्यात तुझ्याकडे राहू दे, थंडीत माझ्याकडे.

थिनले : वा! ऊब लागते तेव्हा बरोबर तुझी पाळी?

नोरझोम : मग थंडीत तूही ये.