मशीन रूममधली वीस मिनिटे

नाव: वर नोंदवहीत लिहून दिले आहे. वय ५८ वर्षे. धंदा: लिफ्टदुरुस्ती. राहणार: बस डेपोच्या मागे, तिसरा मजला (लिफ्ट नाही).

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जो मृत्यू झाला, तो माझ्या मित्राचा. आम्ही तेहतीस वर्षे जोडीने लिफ्ट दुरुस्त करतो. कागदावर त्याला 'मयत' लिहिले आहे. ते साहेबांनी लिहावे. मी त्याला कानसेन म्हणतो, आमच्या धंद्यातले सगळेच म्हणतात. इमारतीचे सेक्रेटरी म्हणतात की ११.१५ ते ११.३५ या वेळात मी त्यांना त्याच्याजवळ जाऊ दिले नाही. ते का, हे मला विचारले आहे. सांगतो. पण आधी लिफ्टचे सांगावे लागेल, नाहीतर कशाचा कशाला मेळ लागणार नाही.

सदर लिफ्ट अकरा दिवस मध्येच अडकत होती. वेळेचा धरबंध नाही, मजल्याचा नाही. आम्ही ब्रेक उघडला, वायरी बदलल्या, डोकी आपटून घेतली. कानसेनची पद्धत अशी की लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनला लावायचे आणि मूठ कानाला. मशीनच्या पोटात काय चालले आहे ते त्याला त्यातून कळायचे. मला नुसती घरघर ऐकू येते. काल संध्याकाळी तो म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे रे. उगाच औषधं पाजतोय आपण त्याला."

आज ९.३० वाजता आम्ही तिसऱ्या मजल्यावर उभे असताना तिथले काका घरात कुणावर तरी चिडून बाहेर पडले आणि धाडकन दार आपटून गेले. त्याच क्षणी लिफ्ट पाचव्या मजल्याच्या खाली अडकली. साहेब, कानसेनने माझा दंड असा आवळला की अजून ठणकतो आहे. "पाहिलंस? लिफ्ट बिघडलेलीच नाही. काका बिघडलेत!" घराचे दार आपटले की शेजारच्या लिफ्टच्या दाराचे कुलूप केसभर हलायचे, आणि दार उघडे आहे असे समजून लिफ्ट जिथल्या तिथे थांबायची. अकरा दिवस आठही मजले पिंजून काढले, आणि दोष एका माणसाच्या रागात! हवालदारसाहेब इथे हसले. हे जबाबात लिहायचे नसते म्हणाले, पण हसले.

आमच्यात भांडण होते का, असे विचारले आहे. रोज होते. पाना कुठे ठेवलास, यावरून. वैर कधीच नव्हते.

कुलूप नीट बसवून १०.५० वाजता कानसेन जिन्याने गच्चीवर गेला. पास न झालेल्या लिफ्टमध्ये तो स्वतः बसत नसे. सहाव्या मजल्यावर तो क्षणभर कठड्याला धरून थांबला होता, असे तिथल्या बाई म्हणतात. मला तो काही बोलला नाही. दुरुस्तीनंतर मी लिफ्टमध्ये बसून वरखाली करायचे आणि त्याने मशीनशी बसून ऐकायचे, अशी आमची रीत. तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या वर्षी मी एकदा मध्येच तोंड उघडले, तर त्याने पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतले आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

११.०० पासून मी सहा फेऱ्या मारल्या. काका परत आले होते, त्यांना दार आपटायची विनंती केली. त्यांनी आठ वेळा मनापासून आपटले. शेवटी काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो पुरे, चौकट हातात येईल!" लिफ्ट अडकली नाही! एकदाही नाही! सगळ्या मजल्यांवर लोक टाळ्या वाजवत बाहेर आले. सहाव्या मजल्यावरच्या बाई चाकाच्या खुर्चीवर असतात. त्या अकरा दिवसांनी खाली उतरल्या आणि "अजून एकदा!" म्हणत परत वर आल्या. मी आठव्या मजल्यावरून गच्चीचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे बायकोला कळले तरी चालेल.

११.१५ वाजता मी मशीन रूमच्या दारात पोहोचलो. कानसेन खोक्यावर बसून मशीनला टेकला होता. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, डोळे मिटलेले, तोंड जरासे उघडे. ऐकताना तो असाच दिसतो. खाली लोक हौसेने फेऱ्या मारत होते, मशीन सुरेख चालले होते. सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले, "झालं का? त्यांचे आभार तरी मानू द्या!" मी आडवा हात घालून "शू, ऐकतोय" म्हटले. ते पुन्हा पुढे झाले, मी पुन्हा अडवले. त्यांनी सांगितले ते खरे आहे. मी वीस मिनिटे तिथे हसत उभा होतो. मनात म्हणत होतो, आज लेकाचा जास्तच वेळ ऐकतोय, ऐकू दे, अकरा दिवस घाम गाळलाय.

११.३५ वाजता खालचे लोक दमले आणि लिफ्ट थांबली. मशीन बंद झाले. खोलीत ऐकण्यासारखे काही उरले नाही, तरी तो ऐकतच होता.

मग त्याला आडवे केले, छाती दाबली, हाका मारल्या. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लिफ्टने अर्ध्या मिनिटात वर आले. हृदय बंद पडले आहे, म्हणाले. कधी, असे विचारले, तर म्हणाले, "दहा मिनिटं, वीस मिनिटं, सांगता यायचं नाही." आधी बोलावले असते तर, असे मी विचारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१.०० वाजता वहिनी, म्हणजे कानसेनची बायको, रुग्णालयात आल्या. त्यांनी एवढेच विचारले, "भावजी, तुम्ही होता ना त्यांच्याजवळ?" मी हो म्हणालो.

वरील सर्व मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सेक्रेटरींना अडवल्याच्या ओळीवर पेन टेकवून ते म्हणाले, "हे राहिलं तर तुम्हालाच जड जाईल. काढू का?" मी म्हणालो, काढू नका. ते काढले तर मी त्याच्याजवळ नव्हतो, असे होईल. मी होतो. मजकूर मी सांगितला तसाच आहे, सही करतो.