मोटारीतून उतरवलेल्या आवाजाच्या पेटीबाबत

मी, केसरबाई इंद्रभान रिंढे, वय एकेचाळीस, धंदा घरकाम व घरची शेती, शिक्षण मॅट्रिक, राहणार सुलतानपूर, जिल्हा बुलढाणा, आज मेहकरच्या ठाण्यात आपणहून हजर झाले आहे. मला कोणी बोलावले नव्हते. लिहिणारे शिपाई बाजाराच्या बंदोबस्ताला गेले आहेत व मला लिहिता येते, म्हणून जमादारसाहेबांच्या परवानगीने त्यांच्यासमोर बसून माझ्याच अक्षरात लिहून देते. सोबत सासूबाई गोजरबाई आल्या आहेत. त्यांना कमी ऐकू येते. त्या बाहेर ओट्यावर बसल्या आहेत.

मोताळ्याचे उत्तमराव नारखेडे यांनी आमची अँबॅसेडर मोटार विकत घेतली. तिच्यातली आवाज वाढवण्याची पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, चोरीस गेल्याची तक्रार त्यांनी दिली आहे. त्यावरून मेहकरचे रेडिओ दुरुस्तीवाले दयाराम सोनुने यांना कालपासून इथे बसवून ठेवले आहे. माझे म्हणणे असे की, ती पेटी चोरीस गेलेली नाही. ती माझ्या सांगण्यावरून काढली व माझ्या घरी होती. आज मी ती पिशवीतून आणली असून साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. दयारामला सोडावे, एवढ्याचसाठी मी आले आहे.

पेटी कशी बसली हे सांगितल्याशिवाय ती का काढली हे कळणार नाही, म्हणून मागचे लिहिते. साहेबांनी थोडक्यात लिहिण्यास सांगितले आहे.

माझे यजमान शेती सांभाळून बियाण्याचे दुकान चालवीत. मोटार त्यांनी अकोल्याच्या एका साहेबाकडून जुनी घेतली. तिच्यात रेडिओ कंपनीतूनच बसवून आलेला होता. मोटार घरी आली त्या दिवशी मी चाकांना हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि आम्ही तिघे मेहकरला बालाजीच्या दर्शनाला गेलो. यजमान चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, सासूबाई मागच्या सीटवर. वाटेत रेडिओवर कीर्तन लागले. मला ऐकू येत होते. सासूबाई मागून म्हणाल्या, "काय म्हणून राह्यला रे थो?" यजमानांनी बटण शेवटपर्यंत पिळले, तरी त्यांना काही ऐकू जाईना. मेहकरला उतरताना त्या म्हणाल्या, "तुमचा देव का पुढच्याच सीटवर बसते का रे? मांगं काऊन येत नाही?"

यजमान हसले, पण ते बोलणे त्यांनी मनात धरले. दुसऱ्याच आठवड्यात ते दयारामच्या दुकानात गेले व मोठा स्पीकर आणून मागे बसवून घेतला. आवाज होता त्याहून कमी झाला. दयाराम म्हणाला, "भाऊ, आपण तोंड मोठं केलं, पण रेडिओच्या छातीत दम तेवढाच आहे. मधात दम देणारं कायतरी पाह्यजे." मग त्याने मोटारीच्या बॅटरीवर चालेल अशी पेटी स्वतः जोडून दिली. पत्रा तुपाच्या डब्याचा आहे, अजून आतून पिवळा दिसतो. कंपनीच्या स्पीकरला जाणारी वायर काढून त्याने पेटीला जोडली, पेटीतून दोन वायरी मागे नेल्या आणि मागच्या काचेखाली लाकडी खोक्यात दोन स्पीकर ठेवले. पेटी पुढच्या सीटखाली. मला हा खर्च पटला नव्हता. आहे त्या आवाजात काय वाईट, असे मी म्हणाले होते. माझ्या हिशेबाच्या वहीत मी तो सासूबाईंच्या औषधपाण्यात धरला आहे.

पेटीला धूळ लागू नये म्हणून मी जुन्या खणाची खोळ शिवली. दयाराम म्हणाला, "हिले गच्च झाकू नका, वहिनी. हिचा जीव घाबरा होते." म्हणून खोळीला दोन्ही बाजूंनी झरोके ठेवले. थंडीत ती पेटी ऊबदार लागायची. सासूबाई मागे बसल्या की पुढच्या सीटखाली पाय सारून तिच्यापाशी ठेवीत.

पेटीत एक खोड होती. इंजिन चालू असले की आवाजात घरघर येई, आणि गाडी पळवली की घरघरही चढे. दयारामने काहीतरी लावून ती कमी केली, पण गेली नाही. घरघरीतून बुवांचे शब्द सासूबाईंना उमगत नसत. म्हणून यजमान संध्याकाळी मोटार आमच्या दारासमोर उभी करून इंजिन बंद करीत, चारी दरवाजे उघडीत व रेडिओ लावीत. आवाज मारुतीच्या पारापर्यंत जाई. हळूहळू गल्लीतली माणसे येऊ लागली. बायका आमच्या ओट्यावर, माणसे पारावर, शेंगा फोडत बसत. सासूबाई मागच्या सीटवर पदर नीट करून बसत. कीर्तन झाले की बातम्या, बातम्यांनंतर बाजारभाव, कोणी उठत नसे.

इंजिन बंद ठेवून पेटी चालवली की बॅटरी उतरायची. सकाळी मोटार सुरू होत नसे. तेव्हा यजमानांनी नेम केला की, ऐकले त्याने ढकलायचे. रेडिओ बंद झाला की सगळे उठून मोटारीला हात लावीत व उतारापर्यंत नेऊन ती सुरू करून देत. कोणी काढता पाय घेऊ लागला तर यजमान खिडकीतून म्हणत, "ऐकाले कान आणले, मंग ढकलाले हात का घरी ठेवले बे?" यावर रोज तेच हसू होई. मी ओट्यावरून पाहत असे. मोटार सुरू झाली की ते गावाला एक चक्कर मारून येत आणि तोवर मी पाने घेत असे. चक्कर किती मोठी आहे हे हॉर्नवरून कळे.

मागच्या भाद्रपदात यजमान वारले.

मोटार गोठ्यात उभी राहिली. आमच्यात चालवणारे कोणी नाही. कोंबड्या तिच्या टपावर बसू लागल्या. मी आठवड्यातून एकदा ती आतून पुसत असे व थोडा वेळ बसत असे. रेडिओ लावत नसे, बॅटरी वाया जाते. उभी मोटार टायर खाते असे सगळ्यांचे म्हणणे पडल्याने संक्रांतीनंतर ती विकण्याचे ठरवले. शेजारच्या जनकाबाईंचे भाऊ उत्तमराव घेतो म्हणाले. व्यवहार चोख झाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मोटार नेण्याच्या आदल्या दिवशी मी दयारामला बोलावले. आमच्या घरी बैल विकताना त्याची पूजा करतात, पुरणाचा घास देतात, आणि मग गळ्यातली घुंगरमाळ व दावे काढून खुंटीला लावतात. घेणारा आपले दावे घेऊन येतो. दाव्यासकट जनावर दिले तर घरची बरकत त्याच्यामागे निघून जाते असे समजतात. मी मोटारीला कुंकू लावले, नैवेद्य दाखवला, आणि दयारामला सांगितले, "पेटी काढून दे. रेडिओ कंपनीने दिला होता तसा करून ठेव." त्याने विचारले, "वहिनी, त्याहिले सांगतलं का?" मी म्हणाले, "दाव्याचं कोणी सांगते का?" त्याने पेटी काढली, मागचे स्पीकर जागेवरच ठेवले, रेडिओची वायर परत कंपनीच्या स्पीकरला जोडून वाजवून दाखवली आणि पेटी खोळ व वायरींसकट माझ्या हातात दिली. एक पैसा घेतला नाही.

साहेबांनी या ठिकाणी मला विचारले, "बाई, मोटार म्हणजे बैल आहे का?" मी सांगितले की, बैल नाही, पण आमच्या गोठ्यातच उभी असे.

पुढे असे झाले की, मोटार मोताळ्याला नेताना उत्तमरावांचा ड्रायव्हर मेहकरला बॅटरी दाखवण्यासाठी दयारामच्याच दुकानासमोर थांबला. दयारामने दार उघडून आत वाकून पाहिले. मोताळ्यात उत्तमरावांनी चार माणसे जमवून रेडिओ लावला तर आवाज पुढच्या सीटच्या पलीकडे जाईना. सीटखाली पेटी नाही. ड्रायव्हरने दयारामचे वाकणे सांगितले. पोलिसांनी दयारामला विचारले तेव्हा तो "मी चोरली नाही" एवढेच म्हणत राहिला. पेटी कुठे आहे ते त्याने सांगितले नाही. काल दिवेलागणीला त्याची बायको तानुबाई एस.टी.ने माझ्याकडे आली तेव्हा मला हे कळले. ती माझ्यावर चिडली नव्हती. एवढेच म्हणाली, "ते म्हणतात, वहिनीचं नाव ठाण्यात जाऊ द्याचं नाही. पण वहिनी, दुकान बंद आहे. लोकं दारासमोरून पाहत पाहत जातात." मी तिला रात्री जेवू घालून ठेवून घेतले आणि सकाळी पहिल्या गाडीने आम्ही तिघी निघालो.

इथवर लिहून झाले तेव्हा तक्रारदार उत्तमराव तीच मोटार घेऊन आले. साहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्यासमोर झालेले बोलणेही लिहिते.

टेबलावरची पेटी पाहून त्यांनी मला विचारले, "वहिनी, ही तुमच्यापाशी होती? मंग मले काऊन नाही बोलल्या?" मी म्हणाले, "तुम्ही मला न विचारता इकडे का आलात?" ते म्हणाले, "दुखाच्या घरी जाऊन डब्ब्याचं काय विचारू?" साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही बाईला जपलं, दयारामनं बाईला जपलं, आणि बाईला पत्ता नाही." मी दाव्याचे सांगितले. उत्तमराव शेतकरीच आहेत, त्यांना लगेच कळले. त्यांनी कपाळाला हात लावला व दयारामकडे पाहून म्हणाले, "चुकलं बाबू माहं. मोटारीलेही दावं असते हे मले मालूम नव्हतं." दयाराम म्हणाला, "मलेही नव्हतं. मी त निस्ते नट खोलले."

उत्तमरावांनी तक्रार चालवायची नाही असे लिहून दिले. मग ते मला म्हणाले, "पेटी तुमची, वहिनी. दावं कोणी मांगत नाही. पण एक सांगतो. मी मोटार पाहून घेतलीच नाही. मोटार त मोताळ्यातही भेटत होती, अन् इच्यापेक्षा बरी. मी भाऊबीजेले बहिणीकडे येत होतो तवा तुमच्या पारावर बसून ऐकत होतो. ढकलतही होतो. भाऊ म्हणत, पावना असला म्हणून का झालं, लाव हात. आमच्या गावात असं काही नाही. मी थो आवाज घेतला होता."

ते ढकलत होते हे मला माहीत नव्हते. अंधारात ओट्यावरून सगळ्यांच्या पाठीच दिसत.

मी पेटी न्या म्हणाले, ते नको म्हणाले. साहेब म्हणाले, "लवकर ठरवा, मला जेवायला जायचं आहे." मी बाहेर जाऊन सासूबाईंच्या कानाशी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "डब्बा उशाशी घेऊन किती दिवस निजशीन? उशीत का तो बोलते? गाडीत बसव त्याले." पेटी मी उशाशी ठेवत होते हे खरे आहे. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून ठेवत होते.

त्यावरून असे ठरले की, पेटी व खोळ उत्तमरावांनी न्यावी. पेटीच्या जुन्या वायरी मी ठेवाव्यात. नव्या वायरी उत्तमरावांनी स्वतः बाजारातून आणाव्यात, जसे घेणारा आपले दावे आणतो तसे. दयारामने ठाण्याच्या आवारातच पेटी बसवली. उत्तमरावांनी त्याला मजुरी देऊ केली ती त्याने घेतली, व ती घ्यावी असे मीच त्याला खुणावले. सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. इंजिन बंद करून रेडिओ लावला. कीर्तनाची वेळ नव्हती, बाजारभाव चालू होते. थोड्या वेळाने सासूबाईंनी दारातून मान बाहेर काढली आणि उत्तमरावांना विचारले, "सरकीचा भाव उतरला का रे?"

ऐकता ऐकता बॅटरी उतरली. सासूबाई खाली उतरल्या. उत्तमरावांनी उघड्या दारातून चाक धरून, आणि दयाराम, दोन शिपाई व शेवटी साहेब यांनी मागून मोटार ढकलली; वेग आला तसे उत्तमराव आत बसले व ती सुरू झाली. ती फाटकातून बाहेर पडली. वळणावर उत्तमरावांनी हॉर्न वाजवला. वायरींचे वेटोळे माझ्या पिशवीत आहे. ते घरी गोठ्यात, घुंगरमाळांच्या खुंटीला लावीन.

दयाराम व तानुबाई घरी गेले आहेत. माझी कोणावरही तक्रार नाही व माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

हा मजकूर मी ओट्यावर उभी राहून, सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, जमादारसाहेबांसमोर वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, सगळे बरोबर आहे, फक्त सुरुवातीला माझ्या नावापुढे एक नाव मी हळू वाचले, ते त्यांना ऐकू आले नाही, ते पुन्हा वाचावे. आमच्यात ते नाव बायको तोंडाने घेत नाही. साहेब थांबले होते. मी पुन्हा मोठ्याने वाचले, इंद्रभान. त्यांना ऐकू गेले. लिहिले ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे, म्हणून खाली सही करते.

केसरबाई इंद्रभान रिंढे
समक्ष: गोजरबाई रिंढे यांचा डाव्या हाताचा अंगठा