पांढऱ्या कोंबडीचं तांबूस अंडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कोंबडीपालक संघाचे चेअरमन माननीय बाळासो चौगुले, प्रमुख पाहुणे माननीय देशिंगकर साहेब, मंचावर विराजमान झालेलं संचालक मंडळ, संघाच्या कोंबडी केंद्रातले माझे सहकारी, गावोगावहून एस.टी.नं आलेल्या भगिनी आणि जागा नसल्यानं दारात उभी असलेली पावणेमंडळी, सर्वांना इलाही बादशहा मुलाणीचा नमस्कार.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ह्या हॉलमध्ये मी खुर्च्या लावल्या, हार आणले, माइक ठोकून बघितला. त्यामुळं सत्कारमूर्तीनं काय बोलायचं असतं ते मला पाठ हाय. 'मी निमित्तमात्र', 'आपल्या प्रेमानं भारावलो'. झालं, बोललो. आता मनातलं बोलतो.

आधीचे वक्ते म्हणाले, इलाहीभाई नुसती कोंबडी बघून अंड्याचा रंग सांगतात, ही दैवी देणगी. दैवी कसली डोंबलाची! आम्ही मुलाणी. जत्रेत कोंबडं कापायचं काम आमच्या घराण्याकडं. आम्ही कोंबडी धरतो मानेपाशी, म्हणून पिसांआधी आम्हाला कान दिसतो. आमची अम्मा रोशनबी सांगायची, पिसं काय बघतोस, कानाची पाळी बघ. ती पांढरी तर अंडं पांढरं, ती तांबडी तर अंडं तांबूस. फसगत होतच न्हाय असं न्हाय. पांढऱ्यावर तांबडे ठिपके दिसले की मी आपला गप्प बसतो. पण बहुतेक वेळा कान खरं सांगतो. शिकलेल्या माणसांना हे ठाऊक नसतं असंही न्हाय. पण वाकून कोंबडीचा कान बघायचा कुणी?

चौऱ्याहत्तर साली संघाला बाहेरून पांढऱ्या पिल्लांचा मोठा लॉट आला. कागदावर लिहिलेलं लेगहॉर्न, म्हणजे पांढऱ्या अंड्याची जात. पिल्लं वाढली, अंड्यावर यायच्या बेताच्या तलंगा झाल्या आणि बघतो तर कितीएक जणींच्या पाळ्या लालभडक. लॉटमध्ये दुसरीच जात मिसळली होती. पण पिसं सगळ्यांची पांढरी, त्यामुळं कुणाला संशय न्हाय. त्यातल्याच दहा-दहा कोंबड्या आपण संघाच्या योजनेत गावागावात बायकांना वाटल्या. बिद्रीजवळच्या चिमणाबाईंना मीच माझ्या हातानं दहा मोजून दिल्या, नेमक्या दहाच्या दहा लाल कानाच्या.

इकडं केंद्रात तीन नंबरच्या शेडमध्ये मला पहिलं तांबूस अंडं सापडलं. सांगायला म्हणून केबिनमध्ये गेलो, तर माझ्या हातातलं अंडं बघून साहेबच खूश झाले. तेव्हाचे केंद्राचे साहेब म्हणजे आजचे प्रमुख पाहुणे देशिंगकर साहेब. म्हणाले, "अरे वा, गावठी! पांढऱ्यात काय दम नसतो इलाही. दर शनिवारी घरी आणून देत जा." मी मान हलवली, लॉटचं सांगितलंच न्हाय. नोकरी नवी न्हवती, पण पोटाची भीती काय जुनी होत न्हाय. दर शनिवारी दोन डझन पोचवू लागलो. पांढऱ्या अंड्याचा प्रचार जिल्हाभर आणि न्याहारीला तांबूस. असो.

मग चिमणाबाईंची अंडी संघात आली. दहा कोंबड्या, सगळी अंडी तांबूस. साहेब तडक जीप घेऊन गावात. चावडीसमोर माणसं गोळा केली, पाठीमागं पिशवी धरून मी. साहेबांनी सगळ्यांदेखत त्या माउलीला विचारलं, संघाच्या कोंबड्या बाजारात विकून ह्या कुठनं गोळा केल्यास?

चिमणाबाई म्हणाल्या, "साहेब, दाणा मी घातला. पोटातला रंग मी घातला न्हाय."

माणसं हसली. तिचं नाव योजनेतनं कापलं आणि गावानं तिला कोंबडीचोर म्हणायला सुरुवात केली. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. आणि हा इलाही, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो पिशवी धरून उभा. एक न्हाय, तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी ती बाई एक कोंबडी काखेत मारून केंद्रात आली. रडली न्हाय, भांडली न्हाय. कोंबडी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "भाऊ, तुझ्या हातानं दिल्यास. हीच का न्हवं ती, तेवढं सांग."

त्या कोंबडीचा लाल कान माझ्या नाकासमोर होता. अल्लाशपथ सांगतो, मला माझीच लाज वाटली. बाईंना आणि कोंबडीला घेऊन तसाच केबिनमध्ये गेलो. आत चार संचालक बसलेले. म्हणालो, "साहेब, तुम्ही दर शनिवारी खाताय ती अंडी ह्याच लॉटची हायेत. ही बाई चोर असंल तर आपण समदेच चोर."

कुणाचा विश्वास बसंना. मग त्यांच्यादेखत तीन नंबरमधनं लाल कानाच्या बारा कोंबड्या निवडल्या, वेगळ्या कोंडून कुलूप लावलं, किल्ली संचालकांच्या खिशात. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर नऊ अंडी. नऊच्या नऊ तांबूस.

मला मेमो मिळाला, संघाची अंडी विनापरवाना बाहेर दिल्याबद्दल. बरोबरच होता, दिली होती मी. अंडी खाल्ल्याबद्दल मात्र कुणालाच मेमो मिळाला न्हाय. आणि चिमणाबाईंची फाईल 'तांत्रिक दोष' लिहून बंद झाली. बंद झाली, मंडळी, आळ खोडला न्हाय. त्यांचं नाव आजही कापलेलंच हाय. नऊ वर्षं मी अर्ज करतोय. दर वेळी उत्तर एकच, जुनं प्रकरण उकरू नका. का उकरू नको? कोंबडी सुद्धा दाणा मिळेस्तोवर उकरते की!

त्या तिथं तिसऱ्या रांगेत बसल्यात चिमणाबाई. मीच बोलावलंय. आक्का, जरा उभ्या ऱ्हावा. खाली बघू नका.

अध्यक्षमहाराज, ती शाल अजून घडीत हाय, तशीच राहू दे. ह्या बाईवरचा आळ खोटा होता, हे ह्याच माइकवरनं ह्या हॉलला ऐकू गेल्याशिवाय ती माझ्या खांद्यावर बसायची न्हाय. शाल नसली तर माझं काय अडत न्हाय, कोल्हापूरची थंडी ती केवढी!

आपण माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात उणंअधिक गेलं असंल तर सभेनं पोटात घालावं. पण तीन आठवडे गप्प बसलो, त्याची माफी मी सभेला मागत न्हाय. ती आक्का, तुम्हाला मागतो.

देशिंगकर साहेब, माइक चालू हाय. मी बाजूला होतो.