लाइन सोड

शालिनी: अव्वा, बाहेर चपला कुणाच्या? कोण आलंय?

नागुबाई: ये, आत ये. हे वादिराज मास्तर. तुझे अप्पा चावीवाले होते ना, त्या स्टेशनचे मास्तर. अप्पा गेले त्या दिवशी ड्युटीवर हेच होते.

वादिराज: ओळखलं नाहीस. बरोबर आहे, नववीत होतीस तेव्हा. आता काय करतेस?

शालिनी: धारवाडला सुभाष रोडजवळ हायस्कूल आहे, तिथं विज्ञान शिकवते. तुम्ही अकरा वर्षांनी आलात, मास्तर. काही काम होतं?

नागुबाई: नीट बोल, शालू. अर्धा तास झाला बसलेत. काहीतरी सांगायला आलोय म्हणतात, आणि पावसाचं बोलतात, माझ्या दवाखान्यातल्या नोकरीचं विचारतात. मूळ बोलणं अजून बाहेर येईना.

वादिराज: तुम्ही दोघी एकदम ऐकाल तर बरं, म्हणून थांबलो होतो. दोनदा सांगायचं बळ नाही माझ्यात.

शालिनी: सांगा.

वादिराज: डी.सी. ऑफिसातून, कलेक्टर कचेरीतून, पत्र आलंय मला. गुरुवारी अकरा वाजता मीटिंग आहे. पूर आला, आग लागली, गाडी रुळावरून उतरली, तर रेल्वे, फायर ब्रिगेड, पोलिस, अँब्युलन्स या सगळ्यांना वायरलेसवर एकमेकांशी बोलता यावं, अशी योजना करतायत. रेल्वेनं आपली वायरलेसची लहर, फ्रिक्वेन्सी, त्यांना वापरू द्यायची. हे पूर्वी एकदाच इथं झालं होतं आणि ते मी केलं होतं. म्हणून मला बोलावलंय, अनुभव सांगायला.

नागुबाई: मग सांगा की जाऊन. चांगलंच काम हाय.

वादिराज: तो अनुभव त्याच दिवसाचा आहे, नागुबाई. परसू गेला त्या दिवसाचा.

शालिनी: त्या दिवशी फायरवाल्यांनी नाल्याकाठच्या वस्तीतून माणसं काढली होती. तेच ना? पेपरात आलं होतं.

वादिराज: तेच. सकाळपासून पाऊस कोसळत होता. अकराच्या सुमाराला वीज पडून फायर ब्रिगेडचा वायरलेसचा टॉवर बंद पडला. मोबाइल तर आधीच गेले होते. वस्तीत पाणी शिरलेलं, त्यांच्या दोन बोटी पाण्यात, आणि या बोटीचं त्या बोटीला कळेना. गुरुराज म्हणून त्यांचे ऑफिसर होते. भिजलेले, बूट हातात घेऊन आले स्टेशनात. म्हणाले, मास्तर, तुमचे वॉकीटॉकी चालतायत का? दोन द्या.

नागुबाई: आणि तुम्ही दिलेत.

वादिराज: दिले. वरून परवानगी घ्यायला हवी होती. विचारत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. त्या दोन सेटवर चौदा माणसं निघाली. त्यात शाळेतून घरी परतलेल्या पाच मुली होत्या, पत्र्यावर चढून बसलेल्या. नंतर फायर ब्रिगेडनं मला प्रमाणपत्र दिलं.

शालिनी: आणि माझ्या अप्पांना चौकशीच्या रिपोर्टात काय दिलं, ठाऊक आहे तुम्हाला? मला पाठ आहे. 'कर्मचाऱ्याने सोबतच्या सेटचा वापर केला नाही. मृत्यू स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.' कॉलनीतली पोरं मला म्हणायची, तुझा अप्पा सेट बंद करून झाडाखाली झोपला होता.

नागुबाई: शालू.

शालिनी: म्हणायची, अव्वा. तुला मी सांगितलं नाही तेव्हा.

नागुबाई: मला काय सांगायचं राहिलं होतं? नळावर बायका मला तेच म्हणायच्या. मी तुला सांगितलं न्हाई.

वादिराज: परसूनं सेट वापरला होता.

शालिनी: काय म्हणालात?

वादिराज: वापरला होता. माझ्याशी बोलला तो. मी ऐकलं.



नागुबाई: पुढं बोला, मास्तर. थांबू नका आता.

वादिराज: त्या सेटचं असं असतं, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानंच. दोघांनी एकदम दाबलं तर...

शालिनी: जवळच्याचा आवाज येतो. लांबचा बुडतो. माहीत आहे मला.

वादिराज: होय. फायरवाले स्टेशनापासून अर्ध्या मैलावर, परसू रायापूरच्या बाजूला रूळ तपासत, तीन मैल लांब. आणि फायरवाल्यांना आमची पद्धत ठाऊक नाही. आम्ही दोन शब्दांत बोलतो, ते सलग बोलत होते. दोरी टाक, डावीकडं घे, पोरीला आधी धर. त्यांचा तरी काय दोष? समोर माणसं बुडत होती. मध्येच गुरुराज साहेबांनी क्षणभर बटण सोडलं, आणि त्या फटीत परसूचा आवाज आला. 'मास्तर, परसू बोलतोय.'

नागुबाई: आणखी काय म्हणाले?

वादिराज: आणखी मी बोलू दिलं नाही. त्याच वेळी एक बोट उलटायला आली होती. मला वाटलं, हा नेहमीप्रमाणं पाणी किती चढलं ते सांगत असेल. मी बटण दाबून म्हटलं, 'परसू, मध्ये बोलू नको. लाइन सोड.'

नागुबाई: आणि त्यांनी सोडली.

वादिराज: सोडली.

शालिनी: आणि तोवर रायापूरजवळच्या पुलाखालची माती गेली होती. रूळ नुसते लोंबत होते. तेच सांगायला बोलत होते अप्पा.

वादिराज: होय. मला कळलं असतं तर मी हुबळीकडून येणारी पॅसेंजर स्टेशनातच थांबवली असती, आणि धारवाडकडं फोन करून मालगाडी तिकडंच. एका मिनिटाचं काम होतं. परसूला कुठं हलायचीसुद्धा गरज नव्हती.

नागुबाई: मग त्यांनी काय केलं, ते मला नीट सांगा. आम्हाला कुणी नीट सांगितलं न्हाई. पुलाजवळ पाय घसरला, एवढंच सांगून प्रेत दिलं.

वादिराज: पॅसेंजर स्टेशनाच्या बाजूनं येणार होती. परसू पुलाच्या पलीकडं, धारवाडच्या बाजूला. तो त्या लोंबत्या रुळांवरून चालत अलीकडं आला. खाली पाणी. पुढं पळत जाऊन रुळावर फटाके बांधले, चाकाखाली वाजतात ते, आणि लाल झेंडा घेऊन उभा राहिला. गाडी थांबली. पुलापासून दोन तारखांब अलीकडं थांबली. पुंडलिक म्हणून ड्रायव्हर होता, त्यानं खाली उतरून परसूला धरलं, म्हणाला, बस आता इंजिनात. परसू म्हणाला, दुसऱ्या बाजूनं शेजारच्या रुळांवर मालगाडी यायची आहे, त्या बाजूला फटाके लावायचे राहिलेत.

नागुबाई: परत गेले?

वादिराज: परत त्याच रुळांवरून. पुंडलिकनं इंजिनातल्या सेटवरून मला हाक मारली. तो सेट ताकदीचा, सगळ्यांच्या वर त्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं. मी मालगाडी थांबवली. पण तोवर परसू अर्ध्यावर होता, आणि भराव खचला.

शालिनी: म्हणजे मालगाडी थांबली होती. ते उगीचच परत जात होते.

वादिराज: त्याला सांगायला त्याच्याजवळचा सेट बंद होता. मी लाइन सोड म्हटल्यावर त्यानं बंद केला असावा. चुकून बटण दाबलं जाऊन मध्ये अडथळा होऊ नये म्हणून. तो तसाच होता, सांगितलं ते पुरतं करायचा. चौकशीवाल्यांना तो बंद सेट मिळाला, आणि त्यांनी मला विचारलं, या माणसाचा काही निरोप आला होता का?

शालिनी: आणि तुम्ही?

वादिराज: नाही म्हटलं.

शालिनी: का?

वादिराज: भ्यालो. होय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग का ऐकलं नाही? फायरवाल्यांना सेट कुणाच्या हुकमानं दिले? नोकरीची चार वर्षं उरली होती. आई अंथरुणाला खिळलेली. ही कारणं नव्हेत, बाळ. तू विचारलंस म्हणून सांगतोय.

शालिनी: पुंडलिक काही बोलला नाही?

वादिराज: त्यानं खरं ते सांगितलं, पण रिपोर्टात सेट बंद होता एवढंच आलं. आणि आधी निरोप आला होता की नव्हता, ते त्याला काय ठाऊक? ते ठाऊक असलेली माणसं दोनच, परसू आणि मी.

शालिनी: तुम्ही आता का आलात? गुरुवारी स्टेजवर बसून कौतुक करून घ्यायला अवघड जातंय म्हणून? आधी इथं ओझं टाकायचं आणि मग हलक्या पायानं जायचं?

नागुबाई: शालू, पुरे.

शालिनी: का पुरे? तू अकरा वर्षं रेल्वेच्याच दवाखान्यात फरशी पुसतेस. कुणी विचारलं, नवरा कसा गेला, तर मान खाली घालतेस. पाहिलंय मी.

नागुबाई: होय, घालत होते. कारण मलाही तसंच वाटलं होतं.

शालिनी: कसं?

नागुबाई: की ह्यांनी सेट लावलाच नसंल. विसरले असतील. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, तुझ्या ट्यूशनवरनं. सकाळी न जेवता गेले. मी म्हणायचे, डोकं ठिकाणावर नसंल, म्हणून विसरले. माझ्यामुळंच विसरले. हे मी कुणाजवळ बोलले न्हाई. आज पहिल्यांदा बोलतेय.

शालिनी: अव्वा...

नागुबाई: रडू नको. मला बोलू दे. मास्तर, मी शिकलेली न्हाई, पण एवढं कळतंय. तुम्ही सेट दिलेत, बरोबर केलंत. मी तिथं असते तरी दिले असते. त्याबद्दल मला काही म्हणायचं न्हाई. लाइन सोड म्हणालात, तेही गडबडीत म्हणालात. समोर पोरी बुडायल्यावर माणूस असंच बोलतो. तेही मी सोडलं. पण चौकशी दोन महिन्यांनी झाली. पाऊस नव्हता, पाणी नव्हतं. खुर्चीवर बसला होता तुम्ही, वर पंखा चालू असंल. तिथं कोण बुडत नव्हतं, मास्तर.

वादिराज: नाही.

नागुबाई: ते मला सोडता येईना. माफ केलं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार न्हाई.

वादिराज: मी मागायला आलो नाही. ही चार पानं लिहून आणलीत. गुरुवारी मीटिंगमध्ये वाचणार, आणि एक प्रत रेल्वेला रजिस्टरनं पाठवणार. पाठवण्याआधी तुम्ही ऐकावं, एवढंच. पेन्शन थांबवली तर थांबवू देत.

शालिनी: त्यात काय लिहिलंय? ही योजना करू नका म्हणून?

वादिराज: नाही. करा म्हणून लिहिलंय. ती चौदा माणसं मी पाहिलीत. त्यातली एक मुलगी, शेवंता, बेलूरच्या कारखान्यात लागलीय. दिवाळीला येऊन जाते. करा, पण घाई करून माझ्यासारखं करू नका. मदतीच्या बोलण्याला एक वाट द्या, आणि गाडीच्या धोक्याला दुसरी वाट मोकळी ठेवा, तिथं दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. आणि मध्येच कुणी बोलला तर त्याला गप्प करू नका, आधी विचारा, काय झालंय. हे का, ते समजण्यासाठी परसूची हकिगत नावानिशी लिहिली आहे.

शालिनी: आणा इकडे. मी वाचते.

वादिराज: तिसरं पान बघ. तिथून आहे.

शालिनी: 'सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चावीवाला परसू यांनी मला सेटवरून हाक मारली. मी त्यांना लाइन सोडण्यास सांगितले. त्यानंतर त्यांचा काही आवाज आला नाही.'

नागुबाई: पुन्हा वाच ते.

शालिनी: 'मी त्यांना लाइन सोडण्यास सांगितले. त्यानंतर त्यांचा काही आवाज आला नाही.'

नागुबाई: असं होणार न्हाई.

वादिराज: म्हणजे?

नागुबाई: कुणी काही सांगितलं तर उत्तर दिल्याशिवाय ते राहायचे न्हाईत. माझ्यावर रागावले असले तरी हूं म्हणायचे. त्या दिवशी न जेवता गेले, तरी मी दारातनं 'छत्री घ्या' म्हटल्यावर हूं म्हणाले होते. तुम्ही मास्तर होता त्यांचे. नुसतं बटण सोडून गप्प बसले? खरं सांगा.

वादिराज: नागुबाई...

नागुबाई: आता लपवून काय राखायचंय तुम्हाला?

वादिराज: बोलला. धाप लागली होती, पण स्पष्ट बोलला. 'बरं, मास्तर,' म्हणाला. तीनदा लिहायला घेतलं ते. तेवढं माझ्या हातून लिहवलं नाही.

नागुबाई: शालू, तुझ्या पिशवीतलं पेन दे त्यांना.

शालिनी: हे घ्या.

वादिराज: कुठं लिहू?

नागुबाई: 'आवाज आला न्हाई' ते खोडा, आणि त्या जागी लिहा. ह्यांचं शेवटचं बोलणं हाय ते. कागदावर असू दे.